ख्रिस्तपुराणांतील वाट पाहणें

फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचा उल्लेख निघाला कीं लेखक बहुधा पहिल्या अवस्वरूंतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या काढतात, ग्रंथकर्ता इंग्रज होता याचें कौतुक करतात आणि पोथी मिटतात. त्या ओव्या सुंदर आहेत याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ भाषेला प्रशस्तिपत्र देण्याकरितां कोणी लिहीत नाहीं. आमचे मतें या ग्रंथाचें पहिलें पुराण ज्या एका भावावर उभें आहे तो भाव म्हणजे येणाऱ्याची आनंदानें वाट पाहणें हा होय. आणि तिकडे टीकाकारांचें लक्ष जावें तसें गेलेलें नाहीं.

हा भाव ग्रंथकर्त्यानें नवीन काढलेला नव्हे. ख्रिस्ती उपासनेच्या वर्षाचा आरंभच त्यानें होतो. संत आंद्रेच्या सणास, म्हणजे ३० नोव्हेंबरास, जो रविवार जवळ पडतो तेथून नाताळापर्यंतच्या चार रविवारांच्या काळास आगमनकाळ म्हणतात. या काळांत याजकाचीं वस्त्रें जांभळीं, पश्चात्तापाचीं. तथापि तिसऱ्या रविवारीं गुलाबी वस्त्रें घालण्याची मुभा आहे, कारण त्या दिवसाच्या लॅटिन प्रवेशगीताचा पहिला शब्दच आनंद करण्याची आज्ञा देतो. पुढें १७ ते २३ डिसेंबर अशा सात सायंकाळीं येणाऱ्यास सात निरनिराळ्या नांवांनीं हांक मारणारीं पदें म्हणतात, आणि त्या प्रत्येकाचा आरंभ ‘ओ’ या संबोधनानें होतो. इ. स. ६५६ मध्यें तोलेदो येथील धर्मसभेनें १८ डिसेंबर हा दिवस मरियेच्या सणास नेमून दिला. त्यालाच पुढें प्रतीक्षेचा सण म्हणूं लागले, आणि पोर्तुगीज लोकांनीं वरील पदांवरून गर्भिणी मरियेस ‘ओ’ची माता असें लौकिक नांव दिलें. गोव्यांत कांदोळी येथील आणि साष्टींतील चिंचिणी येथील चर्च आशेच्या मातेच्या नांवाचीं आहेत, हें या संबंधांत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

स्टीफन्स स्वतः ज्या देशांतून आला तेथें त्याच्या पंथाची उघड उपासना १५५९ च्या कायद्यानें बंद झालेली होती. १५७९ च्या एप्रिलांत तो लिस्बनहून निघाला, २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरला, आणि १६१९ मध्यें गोव्यांतच वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्यानें मायदेश पुन्हा पाहिला नाहीं. त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें.

आतां ग्रंथाची मांडणी पाहावी. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरू आहेत, दुसऱ्यांत ५९. सृष्टीची उत्पत्ति, आदिदंपतीचें पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे हें सर्व पहिल्यांत. ज्याकरितां पुराण मांडलें त्याचा जन्म दुसऱ्यांत. म्हणजे ग्रंथाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग सरेपर्यंत नायक रंगभूमीवर येतच नाहीं. पुराण चर्चमध्यें जमलेल्या लोकांपुढें वाचण्यासाठीं होतें. दर रविवारीं एक अवस्वरू असा नुसता हिशेब धरला, तरी श्रोत्यास आठ महिन्यांहून अधिक काळ केवळ वचनावर राहावें लागेल. गर्भिणीचे दिवसही जवळपास तितकेच. कित्येकांस पहिलें पुराण कंटाळवाणें वाटतें, तें त्यांनीं तें संदर्भग्रंथाप्रमाणें चाळल्यामुळें वाटतें. कानानें ऐकणाऱ्यास त्या लांबीचाच उपयोग होता. ओवी हा छंद मुळींच घाई न करणारा. स्टीफन्सनें तोच निवडला, यांत त्याचा कान दिसतो.

मराठी श्रोत्यास वाट पाहणें अपरिचित नव्हतें. ज्ञानदेवांच्या विरहिणींत कावळा पाहुण्याचा शकुन सांगतो. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरांत, जें १५७१ मध्यें पुरें झालें, रुक्मिणी पत्र धाडून कृष्णाच्या वाटेकडे डोळे लावून बसते. भागवतांत भारानें पीडलेली पृथ्वी गाईच्या रूपानें ब्रह्मदेवाकडे जाते आणि देव क्षीरसागरीं अवताराचें आश्वासन मिळवितात. हा सांचा स्टीफन्सच्या श्रोत्यांच्या हाडींमासीं खिळलेला होता, आणि स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणणाऱ्या ग्रंथकर्त्यानें त्याचा लाभ घेतला. परंतु एक भेद राहतोच. अवतार युगायुगीं होतो. एक हुकला तरी दुसरा आहे. स्टीफन्सचा तारक देहधारी होऊन जन्मास यावयाचा तो एकदांच. म्हणून त्याच्या वाट पाहण्यांत उत्कंठा अधिक आणि ताणही अधिक. पंढरीचा भाव तर याच्या उलट आहे : तेथें देव विटेवर उभा राहून वाट पाहतो आणि भक्त चालत जातो. चालणाऱ्या लोकांना एका जागीं बसवून, येणारा येईल तोंवर थांबा असें शिकविणें, हें या पुराणाचें खरें अवघड काम होतें.

येथें एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून चालत नाहीं. साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडलीं गेलीं. जुनीं पुराणें वर्जिलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्या, ही नवख्रिस्त्यांची मागणी ग्रंथाच्या आरंभींच श्रोत्याच्या मुखीं घातलेली आहे. म्हणजे ज्या रिकाम्या जागेंत ही आनंदमय प्रतीक्षा बसविली ती जागा बळानें रिकामी केलेली होती. ज्याची स्वतःची उपासना मायदेशीं बंद झाली, त्यानें दुसऱ्यांची उपासना बंद करणाऱ्या सत्तेच्या छायेंत बसून हें लिहिलें. ग्रंथाचे स्तुतिपाठक हें गाळतात; त्याचे निंदक एवढेंच पाहतात. आमच्या मतें ओव्यांतील आनंद खोटा नाहीं, आणि त्याची किंमत कोणी दिली हेंही विसरण्याजोगें नाहीं. तो खोटा नव्हता याचा पुरावा पोथ्यांच्या इतिहासांत आहे. १६८४ मध्यें व्हाइसरॉयानें स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला, तरी पुराण नकलून घेणारे राहिले. १९०७ ची मंगळूरची साल्ढाना यांची रोमन आवृत्ति हस्तलिखितांवरूनच तयार झाली, आणि ज्या मंगळुरी ख्रिस्ती समाजानें हा ग्रंथ जपला त्यानेंच १७८४ पासून १७९९ पर्यंत श्रीरंगपट्टणचा बंदिवास भोगला होता.

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्तींची एकही प्रत उपलब्ध नाहीं. त्यामुळें पाठाचा सर्व भार हस्तलिखितांवर आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ या नांवांनीं चालते, आणि रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत तेथें तींत पुष्कळदां संस्कृत शब्द येतात. अॅबट यांनीं तीच मूळ मानली. पुढील अभ्यासकांत मतभेद आहे. केवळ शब्द शुद्ध म्हणून पाठ जुना, हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. रोमन पाठांत येणारा पाहुणा परक्या नांवानें ओवींत शिरतो, मार्सडेनमध्यें तो देशी वस्त्रें नेसून येतो. यांतील कोणतें आधीं, हें ओवीशीं ओवी ताडूनच ठरेल. बांदेलू यांनीं १९५६ मध्यें पुण्यास काढलेल्या देवनागरी आवृत्तीनें वाचकांची सोय झाली. द्रागो यांची १९९६ ची आवृत्तिही हाताशीं आहे. परंतु नुसत्या लिप्यंतरानें हें काम भागत नाहीं.

गोवें, कारवार, मंगळूर या भागांतील जुन्या घरांत कोणास या पुराणाचीं सुटीं पानें आढळल्यास त्यांनीं तीं खंडित म्हणून टाकून देऊं नयेत. विशेषतः पहिल्या पुराणाचीं पानें जपावींत, आणि नकलतांना समासांतील खुणाही उतरून घ्याव्यात. कोणता अवस्वरू कोणत्या सणास वाचीत, हें एखाद्या समासांतील ओळीवरून कळलें, तर आम्हीं वर रविवारांचा जो हिशेब केवळ कल्पनेनें मांडला तो पुराव्यावर मांडतां येईल.