जवळचा दवाखाना आणि उंबऱ्याबाहेरचा माणूस : जॉनी स्टाइनबर्ग यांच्या ‘थ्री-लेटर प्लेग’चे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
साथीच्या रोगांविषयीचे लेखन बहुधा रुग्ण, डॉक्टर किंवा शासन यांपैकी एकाच्या बाजूने केले जाते. दक्षिण आफ्रिकेतील पत्रकार-लेखक जॉनी स्टाइनबर्ग यांचा ‘थ्री-लेटर प्लेग’ (२००८) हा ग्रंथ मात्र ज्याने एचआयव्हीची चाचणीच करून घेतलेली नाही, अशा एका धडधाकट तरुणाला केंद्रस्थानी ठेवतो. ग्रामीण आरोग्यसेवेचे यश मोजणारी आकडेवारी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याचा शोध या ग्रंथाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
लुसिकिसिकी हा ईस्टर्न केप प्रांतातील, वर्णभेदाच्या काळात ट्रान्स्काय ‘होमलँड’मध्ये मोडणारा दरिद्री ग्रामीण भाग होय. सुमारे दीड लाख लोकसंख्येसाठी तेथे एक रुग्णालय व बारा दवाखाने होते. २००३ मध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या संस्थेने प्रांतिक आरोग्य विभागाच्या सहकार्याने तेथे एचआयव्ही उपचार सुरू केले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये हा कार्यक्रम शासनाकडे सोपविला. तोपर्यंत सुमारे २,२०० रुग्ण औषधोपचार घेत होते. डॉ. हर्मन रॉयटर यांच्या नेतृत्वाखाली उपचार रुग्णालयातून गावाजवळच्या दवाखान्यांत आणले गेले. नियमित तपासणीचा भार परिचारिकांनी उचलला, तर समुपदेशनाचा स्थानिक कार्यकर्त्यांनी. रुग्णांचे आधारगटही उभे राहिले. या कामाच्या २००७ मधील अहवालानुसार एका वर्षात उपचारातून संपर्काबाहेर गेलेल्यांचे प्रमाण रुग्णालयात सुमारे १९ टक्के, तर दवाखान्यांत केवळ २ टक्के होते. गावाजवळ दिलेली सेवा रुग्णांना टिकवून धरते, याचा हा भक्कम पुरावा होय.

ग्रंथाचे सामर्थ्य :
तथापि, ही टक्केवारी दवाखान्याचा उंबरा ओलांडलेल्यांचीच आहे. स्टाइनबर्ग उंबऱ्याबाहेर थांबलेल्याचा विचार करतात. सिझ्वे (नाव बदललेले) हा लहान दुकान चालविणारा, लग्नाची व स्वतंत्र घरकुलाची स्वप्ने पाहणारा तरुण आहे. गावात चाचणीचे पथक येते, तेव्हा कोण आत किती वेळ थांबले यावर लोकांची नजर असते. ज्याचे समुपदेशन लांबते, त्याचा निकाल गाव न सांगताच ओळखते. म्हणजे गोपनीयतेचा नियम कागदोपत्री पाळला जात असतानाच ती प्रत्यक्षात भंग पावते. शेजाऱ्यांच्या मत्सराची आधीच धास्ती असलेल्या सिझ्वेला हे पुरेसे असते. त्याचा नकार अज्ञानातून आलेला नसून गावाच्या अचूक जाणिवेतून आलेला आहे, हे दाखविण्यात या ग्रंथाचे खरे सामर्थ्य आहे. गोऱ्या डॉक्टरच्या सुईतूनच रोग पसरतो, या अफवेलाही लेखक हसण्यावारी नेत नाही. वसाहतवादाच्या स्मृतीत तो तिचे मूळ शोधतो.

मर्यादा :
परंतु लज्जेचे हे स्पष्टीकरण इतके प्रभावी ठरते की इतर कारणे झाकोळली जातात. क्षयरोगाचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात पोकळ्या कमी निर्माण होतात, थुंकीत जंतू कमी येतात आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी अनेकदा ‘दोष नाही’ असा निर्वाळा देते. धैर्य करून आलेला माणूसही अशा वेळी उपचाराविना परत जाऊ शकतो. हा दोष प्रयोगशाळेचा आहे. रुग्णाच्या मनाचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये जनुकाधारित जलद चाचणीची शिफारस केल्यानंतर या उणिवेवर काही प्रमाणात उपाय सापडला. एचआयव्हीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या ग्रंथात क्षयरोगाची ही बाजू दुय्यम राहते.

दुसरी मर्यादा नायकाच्या निवडीतून येते. दवाखान्यांच्या रांगांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि गावपातळीवरील सेवेचा डोलाराही बव्हंशी स्त्रियांच्याच श्रमावर उभा होता. त्यांनीही तीच नजर सोसली. तरी त्या आत गेल्या. एका पुरुषाच्या नकाराला मिळालेली मानसिक खोली या स्त्रियांच्या होकाराला त्या प्रमाणात मिळत नाही. त्यामुळे ‘लोक का येत नाहीत’ या प्रश्नाला उत्तर मिळते. ‘जे आले ते कशाच्या बळावर’ हा प्रश्न अपुरा राहतो.

निष्कर्ष :
२०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सर्व बाधितांना तात्काळ उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीच्या स्वचाचणीची शिफारस केली. चाचणीच्या जागेवरील गावाची नजर त्यामुळे टाळता येते. पण निकालाच्या खातरजमेसाठी व औषधासाठी दवाखान्याची वाट धरावीच लागते. म्हणून स्टाइनबर्ग यांचा प्रश्न शिळा झालेला नाही. सेवा जवळ नेणे अनिवार्य आहे, असे लुसिकिसिकीचे आकडे सांगतात. जवळीक आणि विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे हा ग्रंथ सांगतो. आकडेवारी आणि कथन यांनी परस्परांची उणीव दाखविणे, हेच सामाजिक आरोग्याच्या अभ्यासात साहित्यसमीक्षेचे प्रयोजन म्हणता येईल.