दोन जिवांची होडी

कुत्रा होडीत चढतो तेव्हा सगळा भार एकदम टाकत नाही. आधी पुढचा एक पंजा काठावर टेकवतो, बोटे किंचित फाकवतो, नखांनी पृष्ठभाग चाचपून पाहतो, आणि होडी पंजाखाली कितपत दबते याचा अंदाज खांद्यांना येईपर्यंत मागचे दोन्ही पाय जमिनीवरच रोवून ठेवतो. ही तपासणी क्षणभराचीच. पण त्या क्षणात होडीची रुंदी, तिचा तळ, तिचा तोल, तिच्या अंगाचा खरखरीतपणा, सगळे काही वाचून होते. म्हणून कुत्र्याला सोबत घेऊन पाण्यावर हिंडण्यासाठी कयाक निवडायची, तर तिच्या रसग्रहणाचा आरंभ आपण या पंजापासूनच केलेला बरा. आपण होडी डोळ्यांनी पाहतो, रंगावर भुलतो; तो मात्र तिला अंगाने जोखतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावात बसून कयाकचा विचार करावा, याचे कोणाला नवल वाटेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. आपली ओळख ती मेहकर ते मालेगाव या रस्त्यावरच्या गावाची आणि काळ्या रानाची. पण पाणी आपल्याला परके नाही. मेहकरजवळून वाहणारी पैनगंगा आहे, तिला अडवून झालेला पेनटाकळीचा जलाशय आपल्याच तालुक्यात आहे. लोणारचे सरोवरही जवळच, पण ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ आहे. तिथले खारे, अल्कधर्मी पाणी काठावरून डोळे भरून पाहावे, त्यात होडी घालू नये. आपल्याला हवे आहे ते धरणाच्या फुगवट्याचे संथ, गोडे पाणी. तिथेही जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी आणि मासेमारी करणाऱ्यांना आधी विचारावे, कारण त्यांची जाळी कुठे लावलेली आहेत हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

कयाकचे दुकान काही आपल्या बाजारपेठेत नाही. त्यामुळे ती प्रथम भेटते ती माहितीपत्रकाच्या एका पानावर, आणि तीही चार आकड्यांच्या रूपात: लांबी, रुंदी, भारक्षमता आणि स्वतःचे वजन. वरवर रुक्ष वाटणारे हे आकडे. पण एखादी बंदिश विलंबित लयीत उलगडत जावी तसे ते एकेक करून वाचले, तर त्यांतून एक अख्खी होडी आपल्यासमोर आकार घेऊ लागते.

ती वाचण्याआधी तिचे कूळ पाहू. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या इन्युइट लोकांनी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा बांधला, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवले, आणि एका शिकाऱ्यापुरती निमुळती, चपळ होडी केली. शिकारी तिची मापे स्वतःच्या शरीरावरून घेई; पसरलेल्या हातांची वाव, बोटांची रुंदी, कमरेची रुंदी यांवरून ती बेतलेली असे. होडी कसली, ते अंगावर चढवायचे वस्त्रच होते. आता यातली गोड गोष्ट पाहा. त्याच लोकांजवळ उमियाक नावाची दुसरीही नाव होती. रुंद, उघडी, ऐसपैस. मुक्काम हलवायचा झाला की बायका, मुले, म्हातारीकोतारी, संसाराचे सामान आणि कुत्री या उमियाकमधून जात. एकट्याच्या शिकारीची नाव निराळी, आणि गोतावळ्याच्या प्रवासाची निराळी. कुत्र्यासाठी स्थिर कयाक शोधताना आपण नकळत या दोन बहिणींची पुन्हा भेट घडवत असतो. देह कयाकचा असावा, एका वल्ह्याने हाकता येईल असा. पण पोट उमियाकचे असावे, दुसऱ्या जिवाला सामावून घेणारे.

म्हणून पहिला आकडा रुंदीचा. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याची कयाक रुंदीला २० इंचांच्या आसपास असे; कुत्र्यासह सहलीला निघणाऱ्याने ३० ते ३४ इंचांची पाहावी. कागदावर हा फरक वीतभराचाच दिसतो, पण पाण्याचे गणित वेगळे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर याने १७४६ च्या आपल्या नौकाविषयक ग्रंथात मेटासेंटरची कल्पना मांडली आणि नाव कलंडते कधी, सावरते कधी, याला एक मोजमाप दिले. त्या मोजमापात रुंदीचा प्रभाव तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी, आकार आणि भार तेवढाच ठेवून २० इंचांची होडी ३२ इंचांची केली, तर रुंदी होते दीडपटीहून थोडी अधिक, पण पाण्याकडून मिळणारा तोलाचा तो आधार होतो चौपट. बारा इंचांत चौपट! हे कळले की रुंदीच्या आकड्याकडे आपण निराळ्याच आदराने पाहू लागतो.

आणि तो चौपट आधार लागतो कशाला? पाणकावळा सूर मारतो, आपला मोत्या ताडकन उठतो आणि दोन्ही पुढचे पंजे काठावर ठेवून पाण्यात डोकावतो, त्या क्षणाला. कुत्र्याच्या वजनातला सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. म्हणजे अठरा किलोच्या गावठी कुत्र्याने काठावर पंजे टेकले की अकराएक किलो अगदी कडेवर येतात, तेही सूचना न देता. अरुंद होडीत आपण अशा वेळी दचकतो, ओरडतो, आणि बिचाऱ्याला उगाच अपराधी वाटते. रुंद होडी फक्त थोडी कलते. कललेल्या बाजूचे पोट अधिक पाण्यात उतरते, तिथले पाणी तिला उचलून धरते आणि ती पुन्हा सरळ होते. त्याचे कुतूहल पुरे होते, आपला तोल टिकतो. चांगल्या होडीचे मोठेपण मला इथे दिसते: ती सोबत्याला त्याच्या स्वभावासकट वागवते.

रुंदीच सर्वस्व असती, तर आपल्याकडची काहील ही जगातली सर्वोत्तम होडी ठरली असती. ऊस पिकवणाऱ्या सांगली आणि कोल्हापूरच्या नदीकाठांवर गुळाच्या काहिली पाण्यात सोडून माणसे नदी ओलांडत आली आहेत. काहील सहजासहजी उलटत नाही. पण तिला नाक नाही, शेपूट नाही, त्यामुळे वल्हे मारले की ती पुढे जाण्याऐवजी गिरकी घेते. इथे लांबीचा आकडा अर्थपूर्ण होतो. दहा फुटांखालची रुंद कयाक वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी डावीउजवीकडे नाक हलवत जाते. दहा ते बारा फुटांची होडी रेषेत चालते आणि कुत्र्याला हातपाय पसरायला जागाही देते. इतकी रुंद होडी वेगवान नसतेच, हेही आनंदाने मान्य करावे. ज्याला वाऱ्यावरचा प्रत्येक वास थांबून हुंगायचा आहे, त्याच्या सोबत निघाल्यावर वेगाचे प्रयोजन तरी काय?

आता होडी मनातल्या मनात उलटी करून तिचा तळ पाहू. गोल तळाची होडी पाणी झकास कापते, पण बसताक्षणी डुलते. सपाट तळाची होडी बसताक्षणी खंबीर वाटते. वल्हवणारे याला प्राथमिक स्थैर्य म्हणतात. बरीच कलल्यावरही न उलटता तग धरण्याचा गुण तो दुय्यम स्थैर्य. लाटांच्या समुद्रात दुय्यम स्थैर्याचे मोल फार. पण धरणाच्या संथ पाण्यात, खोडकर सोबत्यासह, आपल्याला आधी हवे ते प्राथमिक. काही कयाकांचा तळ मध्ये खोलगट आणि दोन्ही कडांना उतरता असतो, जणू दोन लहान नावा पोटाखाली जोडल्या आहेत. या तळाकडे पाहताना मला कोकणातली उलांडीची होडी आठवते. अरुंद लाकडी होडीच्या एका बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांशी बांधलेला तो तरंगता ओंडका, म्हणजे उलांडी, होडीला बाहेरून हात देतो. दोन्ही रचनांमागची जाण एकच: आधार एकवटून ठेवण्यापेक्षा दूरदूर पसरावा. जुन्या कोळ्यांनी जे लाकूड आणि दोरी घेऊन साधले, तेच प्लास्टिकच्या साच्यात पुन्हा उमटलेले पाहून मन सुखावते.

माहितीपत्रकावरच्या छायाचित्रात नंतर पाहायची ती बैठक. काही कयाकांत माणूस खळग्यात शिरून बसतो, पाय आतल्या पोकळीत जातात. आत पाणी भरले तर ते उपसत बसावे लागते. दुसऱ्या प्रकारात बैठक वरच, उघड्यावर असते. कुत्र्यासाठी ही मोकळी बैठक फार उदार. तो चढतो सहज, उडी मारायची झाली तर अडकत नाही, आणि ओला होऊन परत आला तर अंग झाडून टाकलेले पाणी होडीतल्या आरपार भोकांतून आपोआप खाली निघून जाते. ही भोके पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास चरकतो. होडीला भोक, आणि तेही मुद्दाम ठेवलेले! पण होडीचे बंद पोट पाण्याच्या पातळीवर तरंगत असते आणि बैठक त्या पातळीच्या वर असते, म्हणून भार मर्यादेत असेपर्यंत पाणी वरून खाली जाते. भार वाढला की हाच न्याय उलटा होतो आणि पाणी वर येऊन आसन भिजवू लागते.

हा इशारा आपल्याला भारक्षमतेच्या आकड्यापाशी घेऊन येतो. सत्तर किलोचा माणूस, अठरा किलोचा कुत्रा, पाणी आणि शिदोरीचे सात किलो, अशी बेरीज पंच्याण्णव होते. पण शंभर किलो क्षमतेची होडी घेऊन भागत नाही. लिहिलेल्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आत भार ठेवला तरच होडी मोकळेपणाने तरंगते. म्हणून आपल्या हिशेबाला निदान एकशे छत्तीस किलोची क्षमता हवी. उरलेले तीस टक्के रिकामे दिसले तरी वाया जात नाहीत. होडीचा काठ पाण्यापासून उंच राहतो, तो त्यांच्याच बळावर.

कुत्र्याचे आसन कुठे असावे? माझे मन विचाराल तर समोर, आपल्या पायांच्या मध्ये. तिथे तो आपल्या नजरेत राहतो, त्याचा भार होडीच्या मध्यरेषेवर येतो, आणि मान वळवली की त्याला आपला चेहरा दिसतो. मागच्या सामानाच्या कप्प्यात बसणारे कुत्रेही असतात. पण पाठीमागे काय चालले आहे हे आपल्याला फक्त होडीच्या हेलकाव्यावरून कळते. बैठकीखालच्या गुळगुळीत प्लास्टिकवर पंजे घसरले की तो घाबरतो, घाबरला की उभा राहतो, आणि उभा राहिला की त्याच्यासह सगळ्या होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यावर उपाय म्हणजे रबरी चटईचा एक तुकडा. पंजांना पकड मिळाली की तो बसतो; बसला की लवकरच पोट टेकून आडवा होतो; आणि आडव्या झालेल्या कुत्र्याइतका उत्तम तोल देणारा भार दुसरा नाही. ही चटई त्याला आधी अंगणात ओळखीची करून द्यावी, होडीही जमिनीवर ठेवून त्याला तिच्यात बसू द्यावे, तिथेच खाऊ घालावे. विदर्भातल्या उन्हात प्लास्टिक चटकन तापते, तेव्हा हिवाळ्यातली सकाळ निवडावी आणि चटई ओली ठेवावी. पाण्यावर हिरवट साय धरलेली दिसली तर मात्र त्या दिवशी परत फिरावे. असल्या शेवाळातले विष कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

वल्ह्याचाही विचार ओघाने आलाच. होडी रुंद, म्हणून दुहेरी पात्यांचे वल्हे लांब हवे, सुमारे २४० सेंटिमीटरचे. नाहीतर प्रत्येक फटक्याला काठावर ठोकर बसते आणि मोत्याच्या डोक्यावरून पाते फिरते. जाकीट दोघांनाही हवे. कुत्र्याच्या जाकिटाला पाठीवर भक्कम मूठ असते. तो पाण्यात पडला तर त्या मुठीला धरून, आपले अंग विरुद्ध बाजूला झुकवून, त्याला वर घेता येते. आणि त्याचा पट्टा होडीला कधीही बांधू नये. होडी उलटली तर बांधलेला जीव तिच्याखाली अडकतो. मोकळा सोडलेला कुत्रा आपल्या हाकेवर थांबतो, ते बंधन दोरीपेक्षा पक्के असायला हवे, आणि ते पाण्यावर जाण्यापूर्वीच जमिनीवर विणून घ्यावे लागते.

राहिला शेवटचा आकडा, होडीच्या स्वतःच्या वजनाचा. अशा रुंद कयाकचे वजन पंचवीस किलोंच्या पुढे सहज जाते. समुद्रकिनाऱ्याच्या माणसाला त्याचे विशेष वाटणार नाही, पण धरणाचे पाणी ऋतूप्रमाणे मागे सरते. पावसाळ्यानंतर जे पाणी रस्त्याला टेकलेले असते, ते उन्हाळ्याकडे झुकताना पार खाली जाते आणि मधल्या ओल्या जमिनीवर गाळपेराची पिके उभी राहतात. त्या पिकांना धक्का न लावता, बांधाबांधाने होडी वाहून न्यायची तर एकतर जोडीला माणूस हवा, नाहीतर होडीखाली लावायची दोन चाकांची गाडी हवी. हवा भरायची कयाक हलकी पडते, घडी करून मोटारसायकलवरही नेता येते. मात्र तिच्या अंगाचे कापड जाड असावे आणि कुत्र्याची नखे कापलेली असावीत.

चारही आकडे असे वाचून झाले की ध्यानात येते, आपण होडीचे मोजमाप करता करता सोबतीचे मोजमाप करत होतो. इन्युइट शिकारी स्वतःच्या एका देहावरून कयाक बेतत असे. आपल्याला ती दोन देहांवरून बेतायची आहे, आणि त्यांतला एक देह कधी उठेल, कधी वळेल, हे सांगता येत नाही. म्हणून होडी मागवण्यापूर्वी अंगणात खडूने तिची लांबी आणि रुंदी आखावी, त्या आकृतीत स्वतः बसावे, मोत्याला हाक मारावी आणि तो कुठे बसतो ते पाहावे. तो ऐसपैस पसरला तर आकडे योग्य. रेषेबाहेर सांडू लागला तर आणखी दोन इंच रुंद होडी शोधावी. ते दोन इंच त्याच्या कुतूहलासाठी आहेत, आणि तेवढी जागा देणे हे त्याला सोबत नेणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.