न विटणाऱ्या साड्या

मालिकेत एखादी बाई पांढरी साडी नेसून जिना उतरली की पुढचं काही सांगावं लागत नाही. फोडणी करता करता मान वर करून बघणारीलाही कळतं, हिचा नवरा गेला. गुजरातमधल्या बारडोलीत बसून हे पाहिलं तर त्यातला ठोकळेबाजपणा लगेच डोळ्यांत भरतो, कारण या गावाने पांढऱ्या रंगाला एकाच अर्थाच्या दावणीला कधी बांधलं नाही. इथली गुजराती नवरी मांडवात येते ती मामाकडचं पानेतर नेसून, आणि पानेतर म्हणजे पांढऱ्या अंगाची, लाल काठाची साडी. १९२८ साली वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध वल्लभभाई पटेलांनी याच तालुक्यात सत्याग्रह केला, तेव्हा पांढरी खादी हा सरकारला न जुमानणाऱ्यांचा पोशाख होता. शोकाचं पांढरंही इथे आहेच, पण ते तिसरं.

उधना-जळगाव रेल्वेमार्गाने नवापूर, नंदुरबार, अमळनेरकडून येऊन सुरत जिल्ह्यात स्थिरावलेल्या मराठी घरांची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रात सोवळ्या ब्राह्मण विधवेचा रंग पांढरा नव्हताच. ती नेसायची आलवण, तांबडंभडक नाहीतर मातकट लाल. ज्या जातींत पाट लावायची रीत होती, तिथे विधवेच्या लुगड्यावर एवढा कडक पहाराही नव्हता. रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरच्या ‘उंच माझा झोका’सारख्या जुन्या काळात घडणाऱ्या मालिकेत आलवणाला जागा असते. आजच्या काळातल्या मालिकेत विधवा दाखवायची झाली की मात्र पांढरी किंवा फिकट साडी बाहेर निघते. ती हिंदी सिनेमातून हिंदी मालिकेत आली आणि तिथून आपल्याकडे, वाटेत कुणी जातही विचारली नाही आणि गावही.

मालिकांमध्ये रंगांचा सुकाळ आहे. दुष्काळ आहे तो कापडाचा. रंग कशावर चढलाय, ते कापड किती जुनं आहे, किती वेळा धुतलंय, कुणी दिलंय, यातलं काही पडद्यावर उरत नाही, आणि मग रंग नुसता पाटीचं काम करतो: ही सोशीक, ही कारस्थानी, ही गरीब.

याचं खापर वेशभूषाकारांवर फोडणं सोपं आहे, पण रोजच्या मालिकेचं गणितच तसं आहे. कथेतला एक दिवस पडद्यावर आठ-आठ दिवस चालतो. सत्यनारायणाची पूजा सोमवारी सुरू झाली तर प्रसाद शनिवारी मिळतो, आणि तोवर नायिका त्याच डाळिंबी साडीत. चित्रण उलटसुलट क्रमाने होतं, म्हणून ड्रेसदादाकडे कंटिन्युटीची नोंद असते: कुठल्या प्रसंगात कुठली साडी, कुठलं ब्लाऊज, पदर कुठल्या पिनेने खोचलेला. या नोंदीच्या दृष्टीने डाग ही आफत. पहिल्या प्रसंगात हळदीचा डाग पडला तर तो पुढच्या सगळ्या प्रसंगांत त्याच जागी, तेवढाच दिसायला हवा. त्यापेक्षा डाग न पाडलेला बरा. कॅमेऱ्याच्याही खोडी असतात. झगझगीत प्रकाशात शुभ्र पांढरा फुटतो, म्हणून त्याच्या जागी मोतिया किंवा साय-रंग. गडद काळ्यात कापडाच्या चुण्या बुडून जातात. बारीक रेघांचं कापड पडद्यावर थरथरतं. पौराणिक मालिकेत मागे हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी नेसलेली बाई मधूनच आरपार दिसू लागते, म्हणून मग निळा पडदा लावावा लागतो. चुडाही हिरवा, शालूही हिरवा, अशी आपली सौभाग्याची सगळी भाषा या तंत्राला अडचणीची आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

रंगीत प्रक्षेपण आपल्याकडे १९८२ साली आलं. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ कृष्णधवल होते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची ती जोडी आठवली की कोटाचा, टोपीचा रंग आठवत नाही, कारण तो दिसलाच नाही; आठवतं ते त्या कपड्यांचं अंगावर बसणं, चिमणरावाच्या काटकुळ्या अंगावरचा अवघडलेपणा. रंग नसताना वेशभूषेला घडीवर, मापावर, चालीवर काम करावं लागत होतं. रंग आला आणि ही मेहनत हळूहळू ऐच्छिक झाली.

रंगाचा पहिला मोठा प्रयोग बारडोलीच्या दक्षिणेला, उमरगावात झाला. रामानंद सागरांचं ‘रामायण’ (१९८७-८८) तिथल्या स्टुडिओत चित्रित झालं. पात्रांत मराठी माणसं बरीच होती: दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, भरत संजय जोग, मंथरा ललिता पवार. त्या मालिकेची रंगसंगती आज भडक वाटते. पण तिला स्वतःचं एक व्याकरण होतं, कारण ती छापील देवचित्रांवरून उचललेली होती. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ पासून घरोघर गेलेली लाल लक्ष्मी आणि शुभ्र सरस्वती प्रेक्षकाने भिंतीवर बघितलेली होती. राजवस्त्रं उतरून राम-सीता वनवासाला निघाले आणि भगव्यात आले, तेव्हा तो बदल कथेतला होता. एका घटनेने रंग बदलला आणि पुढे कितीतरी रविवार तो तसाच राहिला. अशोकवनातली भगवी सीता लक्षात राहते ती याच सातत्यामुळे. पाठोपाठ आलेल्या चोप्रांच्या ‘महाभारता’त भीष्म पांढऱ्यात होता, आणि ते पांढरं प्रतिज्ञेचं होतं. वैधव्याची शंका कुणाच्याही मनात आली नाही.

खाजगी वाहिन्या आल्या, मालिका आठवड्याची रोजची झाली, आणि हा संयम सुटला. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये (२०१६-२१) राधिकेची काठपदराची साडी आणि शनायाचे आखूड कपडे एवढ्या विरोधावर अख्खा संसार तोलला होता. विरोध ठळक आहे, आणि विनोदी मालिकेत ठळकपणा चालतोही. पण त्याखालचं गृहीतक असं, की काठ असेल तिथे चारित्र्य असतं. मराठी मालिकेतली खलनायिका काठपदरात क्वचितच कट शिजवते. खऱ्या आयुष्यात भाऊबंदकीचे कितीतरी कट काठपदरातच शिजलेत, हे कुणीही सांगेल.

बारडोलीत तुलनेची आयती सोय आहे. मराठी घरात ‘आई कुठे काय करते’ लागायची, शेजारच्या गुजराती घरात ‘अनुपमा’. दोन्हींचं मूळ एकच, बंगाली ‘श्रीमोयी’. अनुपमा अहमदाबादच्या शाह कुटुंबातली, अरुंधती मराठी मध्यमवर्गातली. दोघींनाही आधी साध्या साड्या, आणि स्वतःच्या पायावर उभं राहताना रंग उजळत गेलेले. कल्पना म्हणून ठीक आहे. पण बाई सुटी झाली की तिच्या कपाटात एका रात्रीत नव्या साड्या कुठून येतात? घटस्फोटानंतर हाताशी पैसे कमी आणि साड्या जास्त, हे कोडं दोन्ही घरांना पडलं असणार. मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधतीच्या खांद्यांत, पदर सावरण्यात जो बदल आणला, तो रंगबदलापेक्षा कितीतरी बोलका होता. नटीला जे कळतं ते साडी निवडणाऱ्याला का कळू नये?

याउलट ‘एकच प्याला’. १९१९ साली हे नाटक बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. एरवी भरजरी शालू-पैठण्यांसाठी कर्ज काढणारे बालगंधर्व नायिका सिंधूच्या हलाखीच्या प्रवेशांत फाटक्या, ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. रंग कोणता होता हे गौण. ते लुगडं वापरलेलं दिसत होतं. शंभर वर्षांनंतर आमची गरीब नायिका बिस्किटी रंगाच्या, कडक इस्त्रीच्या कॉटनमध्ये भांडी घासते.

रंगाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक मात्र साडीत झाली नाही, कातडीत झाली. ‘रंग माझा वेगळा’ ही २०१९ साली सुरू झालेली मालिका सावळ्या मुलीच्या अपमानाची गोष्ट सांगायला निघाली आणि दीपाच्या भूमिकेसाठी रेश्मा शिंदे यांना मेकअपने सावळं केलं गेलं. टीका झाली, मालिका चालली. सावळ्या वर्णाची बाजू घ्यायची आणि सावळ्या मुलीला काम द्यायचं नाही, या विसंगतीपुढे वेशभूषेतली कुठलीही रंगसंगती हतबल होते. इथे वर्णसुद्धा धुऊन टाकता येणारा, पॅकअपनंतर पुसता येणारा पोशाख झाला.

आणि हे अशा परंपरेत, जिने काळ्या-सावळ्याला केवढा मान दिला! भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराचा रंग श्याम सांगितलाय. काळा भयानकाला, लाल रौद्राला, पिवळा अद्भुताला, आणि पांढरा तर चक्क हास्याला. मालिकांचा गुलाबी शृंगार भरताला ओळखूही आला नसता. लोकव्यवहारात पाहा: मंगळसूत्राचे मणी काळे, संक्रांतीची चंद्रकळा काळी, नव्या सुनेच्या अंगावर त्या काळ्यावर हलव्याचे पांढरे दागिने. संक्रांतीच्या भागापुरती मालिकेतली सगळी सोज्ज्वळ मंडळी काळ्यात येतात. दुसऱ्याच दिवशी काळा परत कारस्थानी वहिनीकडे जातो. एकाच घरात, एकाच आठवड्यात एका रंगाचे दोन अर्थ, ही नाट्याला केवढी मोठी संधी होती! वहिनीने संक्रांतीची चंद्रकळा दुसऱ्या दिवशीही सोडली नाही, असा एक प्रसंग तरी कुणी लिहायला हवा होता.

त्याऐवजी मालिका पंचांगावर चालतात, तेही वर्तमानपत्रातल्या. नवरात्रातले नऊ रंग एका मराठी दैनिकाच्या उपक्रमातून गेल्या वीसेक वर्षांत रूढ झाले. ते वारावरून ठरतात. लोकलच्या डब्यात अनोळखी बायका एका रंगात दिसतात त्यात मजा आहे, आपुलकीही आहे. पण मालिकेतलं भांडलेलं कुटुंब, कोर्टात गेलेली सून, घराबाहेर काढलेला मुलगा, असे सगळे त्या दिवशी पोपटीत दिसले की लेखकाने आठ महिने उभारलेलं वैर एका साडीत विरघळतं. इकडे बारडोलीत मात्र गरब्याच्या मैदानात प्रत्येक चणियाचोळी सात रंगांची आणि कुणाचं कुणाशी जुळत नाही.

एक अपवाद नोंदवतो. ‘जय मल्हार’मध्ये (२०१४-१७) तंत्राचा थाट मुबलक होता, कधी कधी डोळे दुखण्याइतका. पण तिथला पिवळा भंडाऱ्याचा होता. तो उधळला जायचा, कपाळाला लागायचा, अंगावर सांडायचा, खांद्यावर राहायचा. म्हाळसा आणि बानू यांच्या वेशातलं अंतर जातीचं आणि धंद्याचं होतं, वाणी घर आणि धनगरवाडा. चांगली कोण आणि वाईट कोण हे रंगावरून ठरवायची सोय प्रेक्षकाला नव्हती, म्हणून दोघींचाही राग-लोभ त्याने मनावर घेतला.

खानदेशाला तर मालिकांनी रंगच दिलेला नाही. पुणे-मुंबई आहे, कोल्हापूर आहे, कोकण आहे, राधिकेच्या निमित्ताने नागपूर आलं. हंगामात नंदुरबार-डांगाकडून ऊसतोडीला येऊन बारडोलीच्या साखर कारखान्याच्या आसपास पाल ठोकणारी बाई कुठल्याच मालिकेत नाही. उसाच्या पाचटाने कापू नये म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवणारी बाई वेशभूषाकाराला केवढं काय शिकवेल! शर्टाचा रंग तिने निवडलेला नसतो, तरी तिचं सगळं सांगून जातो.

राहता राहिला बाजार. सुरतेच्या कापडबाजारात मालिकेतली साडी गाजली की तिची नक्कल छापायला वेळ लागत नाही; नायिकेच्या नावाने गठ्ठे जातात. महाराष्ट्रात एका मालिकेतल्या जान्हवीचं लांब मंगळसूत्र असंच पसरलं होतं. पण व्यवहार उलट दिशेनेही चालतो. सतत नव्या साड्या लागणाऱ्या निर्मितीला येवल्याची हातमागाची पैठणी किंवा गुळेदगुड्डचा अस्सल खण परवडत नाही. पडद्यावरही यंत्रमागावरची सेमी पैठणी आणि छापील खणच येतो. म्हणजे वाड्यातली खानदानी सासू जी ‘आजेसासूची पैठणी’ सुनेच्या हाती सोपवते, ती बहुधा सुरतेच्याच एखाद्या मागावरून गेल्या महिन्यात उतरलेली. बारडोलीची गिऱ्हाईक बाई पदर चिमटीत धरून चुरगळते आणि दुकानदाराला तिथल्या तिथे सांगते, हे रेशीम नाही. पडद्यावरची साडी चिमटीत धरता येत नाही, आणि निर्मात्याचं सगळं तिथेच भागतं.