सोन्याची डोलकाठी, लाकडाची डोलकाठी

‘द लास ऑफ रॉक रॉयल’ हे स्कॉटिश कथागीत, म्हणजे बॅलड, प्रश्नांनी सुरू होतं. माझ्या पायांत जोडे कोण घालेल, हातांत मोजे कोण चढवेल, केस कोण विंचरेल, असं अ‍ॅनी विचारते. उत्तरात एकेक नातलग पुढे येतो. बाप, आई, बहीण, भाऊ अशी कामं वाटली जातात. शेवटचा प्रश्न उरतो तो तिच्या तान्ह्या मुलाला बाप कोण, हा. तिथे घरातलं कुणी पुढे होत नाही. ती जागा देवावर सोपवली जाते. प्रियकर ग्रेगर दूर आहे; लग्न झालेलं नाही, हे मात्र गाणं कुठेही सांगत नाही. भरल्या घराची यादी करून त्यातली एक जागा रिकामी ठेवली की झालं. हीच प्रश्नांची कडवी इतर कितीतरी गाण्यांतून फिरत असतात. पण उसनी कडवी म्हणजे गायिकेचा आळस, असं समजू नये. ती कुठे बसवायची, यातच तिची कारागिरी दिसते.

अ‍ॅनीला बाप जहाज देतो. ती मूल कडेवर घेऊन समुद्र ओलांडते आणि रात्रीच्या वाऱ्यात ग्रेगरच्या दाराशी उभी राहते. आतून उत्तर येतं ते त्याच्या आईचं, पण मुलाच्या नावाने. ऐकणाऱ्याला गाणं हे आधीच सांगून टाकतं; फसते ती फक्त अ‍ॅनी. तू चेटकीण असशील, जलपरी असशील. खरी अ‍ॅनी असशील तर खूण पटव, असं आतला आवाज म्हणतो. मग ती आठवण करून देते: आपण रुमाल बदलले होते, अंगठ्या बदलल्या होत्या. तुझ्याही वस्तू चांगल्याच होत्या, पण माझ्या जास्त मोलाच्या. ओळख पटवता पटवता तिच्या तोंडून हे निसटतं. मी जास्त दिलं, ही तक्रार तिने एरवी कधी केली नसती. आणि दोघांतलं हे खासगी बोलणं ऐकतंय कोण, तर दाराआडची सासू, जी सासू होऊच इच्छित नाही. माझ्या मते या गाण्यातली सगळ्यात क्रूर जागा हीच. पुढचं वादळसुद्धा इतकं क्रूर नाही.

मला दुसरीच मिळाली आहे, तू परत जा, असं ऐकल्यावर अ‍ॅनी जहाजाकडे वळते. ती रडते, पण गाणं त्या रडण्यावर रेंगाळत नाही. ती खलाशांना सोन्याची डोलकाठी उतरवून लाकडाची चढवायला सांगते. टाकलेल्या बाईला असल्या थाटात जाणं शोभत नाही, एवढंच तिचं म्हणणं. दुःखाचं असं व्यवहारी हुकमात रूपांतर करणं भल्याभल्या कवींना जमत नाही. सकाळी ग्रेगर स्वप्नातून दचकून उठतो, तर आई सहज सांगते की तुझी अ‍ॅनी रात्रभर दारात होती, पण आत काही आली नाही. हे कबूल करताना तिला काही लपवावंसं वाटत नाही. तिने असं का केलं, हेही गाणं विचारत नाही. ग्रेगर किनाऱ्याकडे धावतो. तो जितक्या हाका मारतो तितका समुद्र चढत जातो, आणि हाती येतं ते कलेवर.

हे गाणं अशा बारकाईने आज वाचता येतं, त्याचं श्रेय अ‍ॅना गॉर्डन या बाईकडे जातं. तिचा जन्म 1747 सालचा, अ‍ॅबरडीनचा. लग्नानंतर ती फॉकलंडच्या पाद्र्याची बायको झाली, म्हणून अभ्यासक तिला ‘फॉकलंडच्या मिसेस ब्राउन’ म्हणतात. तिची गाणी आली ती ब्रेमारकडे राहिलेल्या मावशीकडून, आईकडून आणि घरातल्या म्हाताऱ्या दाईकडून. वडील टॉमस गॉर्डन किंग्ज कॉलेजात प्राध्यापक. 1793 च्या पत्रात त्यांनी लिहिलं आहे की मुलीच्या या गाण्यांचे शब्द आणि चाली त्यांना अगदी नव्या होत्या. गाणं बायकांकडून बायकांकडे घरातल्या घरात पोचत होतं, आणि विद्वान बापाला पत्ता नव्हता!

कागदावर ते उतरलं मात्र पुरुषांच्या हौसेने. 1783 मध्ये तिच्या भाच्याने, रॉबर्ट ईडन स्कॉटने, एडिंबरोचे वकील विल्यम टायटलर यांच्यासाठी गाणी लिहून घेतली. 1800 मध्ये टायटलरांच्या मुलासाठी आणखी एक हस्तलिखित तयार झालं. अ‍ॅनीची गोष्ट दोन्हींत आहे. मधे 17 वर्षं गेलेली. कथेचे टप्पे तेच, पण ओळी जुळत नाहीत. बॅलडचे अभ्यासक डेव्हिड ब्यूकन यांनी 1972 मध्ये याच जोरावर मांडलं की ती गाणं पाठ म्हणत नसे, दर वेळी नव्याने घडवत असे. बाई शिकलेली, वाचणारी, म्हणून इतरांना ते पटलं नाही. मला वाटतं, दोन्ही बाजू मौखिक आणि लिखित यांच्यामध्ये उगीच भिंत घालतात.

हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्डने 1882 ते 1898 या काळात 305 बॅलड छापली. मिसेस ब्राउनच्या पाठांहून सरस स्कॉटिश बॅलड नाहीत, असं त्याचं मत. त्याने तिचे दोन्ही पाठ शेजारी शेजारी, वेगळी अक्षरं देऊन ठेवले. एकात एक मिसळले नाहीत. त्याआधी वॉल्टर स्कॉटने आपल्या संग्रहात याच गाण्याचे निरनिराळे पाठ जोडून एक देखणा पाठ शिवला होता. वाचायला तो गोड आहे, पण तो कुणी एकाने कधी गायलेला नाही. कवी जेम्स हॉगच्या आईने स्कॉटलाच सुनावलं होतं म्हणतात, की ही गाणी गाण्यासाठी होती, छापून तुम्ही ती बिघडवलीत. तिचा राग समजतो. पण चाइल्डसारखं छापलं तर निदान बिघाड कुठे झाला ते दिसतं.

चालींचं काय? 1783 मध्ये पहिल्यांदा लिहून घेतले ते नुसते शब्द. टायटलरांनी मागणी केल्यावर भाच्याने 15 बॅलडांचं चालींसह दुसरं बाड केलं, पण तो संगीतात नवशिका, हे त्याच्या आजोबांनी, म्हणजे टॉमस गॉर्डन यांनीच, 1793 च्या त्या पत्रात कबूल केलं आहे. चाइल्डच्या काळात हे बाड हरवलेलं होतं. पुढे ते लॉख नेसजवळच्या ऑल्डुरी वाड्यात सापडलं. विसाव्या शतकात बर्ट्रंड ब्रॉन्सन या अभ्यासकाने चाइल्डच्या बॅलडांच्या चाली चार खंडांत गोळा केल्या, तेव्हा मिसेस ब्राउनच्या गळ्यापर्यंत जायला त्याच्याजवळ या कच्च्या स्वरलेखनाखेरीज दुसरा रस्ता नव्हता.