चुलीजवळची पानं

दलित स्त्रीचं आत्मकथन हाती आलं की आपले समीक्षक त्यात पाणवठा शोधतात, वेशीबाहेरची वस्ती शोधतात, धर्मांतर शोधतात. ते सापडलं की पुस्तक ‘आपलं’. चुलीचं, पगाराचं, नवऱ्याचं पान आलं की म्हणायचं, हे तिचं खासगी. आणि बाईनं चार भिंतींतल्या साध्या सुखाची आस लिहिली, तर शिक्का तयारच – पांढरपेशी! मला हा शिक्का मान्य नाही.

भंडारा जिल्ह्यात बसून तरी असं बोलू नये. इथं कामकरी बाई म्हटली की डोळ्यांपुढे बिडीवाली येते. तेंदूचं पान भिजवणं, कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा बांधणं, सगळं घरातच. मजुरी हजार बिड्यांवर. सट्टेदारानं खराब म्हणून बाजूला काढल्या, त्यांचे पैसे बुडाले. रोवण्याच्या दिवसांत बाई बांधीत चिखलात, एरवी मांडीवर सूप. भाजी शिजते त्याच खोलीत तंबाखूचा खकाणा, अन् पोरगी मायजवळ कट्टे बांधत बसलेली. ‘नोकरी की संसार’ असं तिला विचारून पाहा. ती म्हणेल, काहून बाबू, दोन्ही कुठं वेगळे हायेत? १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानं घरी बिडी वळणारीलाही कामगार मानलं. आपल्या समीक्षेनं अजून मानलेलं नाही.

खरं तर चळवळीत हे केव्हाच बोललं गेलंय. २० जुलै १९४२, नागपूर. दलित वर्गाची अखिल भारतीय महिला परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब हजर. घटस्फोटाचा हक्क मागितला गेला, बहुपत्नीत्वाला विरोध झाला. आणि गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथल्या बायांसाठी वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, महिनाभर हक्काची रजा, २० वर्षांच्या नोकरीनंतर किमान १५ रुपये पेन्शन. रजा कशाला मागते बाई? लेकराजवळ बसायला, घडीभर पाठ टेकायला. जिच्या मायनं दुसऱ्याचं अंगण झाडण्यात जन्म घालवला, तिनं स्वतःचं अंगण मागितलं. यात पांढरपेशं काय आहे?

आता पुस्तकं. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहिलं आणि कागद वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवले. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकात आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. वस्तीतल्या सुनांचे हाल त्यात असे आहेत की वाचवत नाहीत. पण स्वतःच्या नवऱ्याचा मार? तो त्यांनी सांगितला मुलाखतीत. माया पंडित यांनी केलेल्या २००८ च्या इंग्रजी अनुवादात ती आहे. मराठी पुस्तकातला ‘आम्ही’ दणकट आहे, ती त्याची ताकदच. पण त्या ‘आम्ही’खाली एक ‘मी’ दबून राहिली, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) ही ‘मी’ उघड बोलते. सरकारी नोकरी, मुलं, त्यात एम.ए.चा अभ्यास, आणि घरातलं काही कमी पडता कामा नये ही नवऱ्याची अपेक्षा. भाषणात समतेवर बोलणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी पोरांनी ही पानं भराभर उलटली असतील. मला विचाराल तर पुस्तकाचा कणा तिथंच आहे. पाणवठ्यावरचा शत्रू ओळखू येतो हो. ताटावर बसलेला माणूस शत्रू नसतो, तरी त्याच्याशी भांडावं लागतं. हे लिहिणं जास्त अवघड.

तरी ‘आयदान’ पगारदार बाईचं पुस्तक आहे. महिना भरला की पैसे, अर्ज दिला की रजा. हजारावर मजुरी मोजून घेणाऱ्या बाईचं घर त्यात येणार नाही, ते तिनंच सांगायला हवं. या अंकाच्या पोरांनी वही घेऊन वस्तीत जावं. रोवण्याच्या दिवसांत नको. आणि गेलात तर तिचे हजार पुरे होईपर्यंत गप्प बसा, जमलंच तर कट्टे बांधू लागा.