साक्षीदारांच्या तोंडून : मराठी कलेतील समलैंगिक तरुणाचे अव्यक्त प्रेम

मराठी नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांनी गेल्या साडेचार दशकांत समलिंगी प्रेमाची दखल अनेकदा घेतली असली, तरी ज्याचे ते प्रेम आहे त्याच्या स्वतःच्या तोंडून ते क्वचितच ऐकू आले आहे. बहुतेक ठिकाणी कोणी मित्र, आई, बहीण किंवा पत्रकार मध्ये उभा असतो. त्याला काहीतरी कळते, त्याचा जीव गलबलतो आणि प्रेक्षक त्याच्या गलबलण्यात सामील होतात. प्रेम करणारा मात्र पडद्याआड राहतो, किंवा कथेच्या अखेरीपर्यंत तो जिवंतच राहत नाही. समलैंगिक, म्हणजे ज्याचे शारीरिक व भावनिक आकर्षण स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असते अशा तरुणाचे एकतर्फी प्रेम हा विषय मराठीत आला तो असा साक्षीदारांच्या मार्गाने, आणि या मार्गाने काय साधले व काय हातचे गेले याचा हिशेब मराठी समीक्षेने अजून नीटसा मांडलेला नाही.

या प्रेमाची जातकुळी नेहमीच्या प्रेमभंगापेक्षा वेगळी आहे. मुलीने नकार दिलेल्या तरुणाच्या दुःखाला मराठी समाजात मान्यता आहे. मित्र त्याला सावरतात, घरचे काही दिवस दुर्लक्ष करतात, त्याच्यासाठी गाणी आणि कविता तयार असतात. मित्रावर जीव जडलेल्या तरुणाला मात्र दुःख सांगायचे म्हणजे आधी स्वतःची ओळख सांगावी लागते, आणि ती सांगितली की दुःखाचा विषय बाजूला पडून ओळखीचाच पंचनामा सुरू होतो. शिवाय आपल्याकडे पुरुषांच्या शारीरिक जवळिकीवर फारशी बंधने नाहीत. खांद्यावर हात टाकून हिंडणे, एका ताटात जेवणे, पाहुण्यांच्या गर्दीत एकाच पांघरुणात झोपणे यांकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्यामुळे सहवास भरपूर मिळतो आणि कबुलीला मात्र जागा उरत नाही. असे एकतर्फी प्रेम वर्षानुवर्षे टिकते, आणि त्या मित्राच्या लग्नात वरातीपुढे नाचण्याची पाळीही याच तरुणावर येते.

मराठीत या विषयाची उघड चर्चा प्रथम ललित साहित्याने केली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक 1927 ते 1953 या काळात निघत होते आणि वाचकांच्या खाजगी लैंगिक प्रश्नांना त्यात निर्भीड उत्तरे दिली जात. अशाच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. समलैंगिकतेविषयीचे प्रश्नही त्या खटल्यातील वादाचा भाग होते. ज्या काळात कथा-कादंबरी या अनुभवाचे नावही घेत नव्हती, त्या काळात त्याविषयी मराठीतून विचारणे आणि मराठीतून उत्तर मिळणे शक्य होते, याचे श्रेय त्या मासिकालाच द्यावे लागेल. त्यातच कायद्याचा धाकही होता. भारतीय दंडसंहितेचे 377 वे कलम, ज्यान्वये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंधही गुन्हा ठरत, ते 1860 पासून अस्तित्वात होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निर्णय फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने हे संबंध कायमचे गुन्हामुक्त केले. पुढे ज्या कलाकृतींचा विचार करायचा आहे त्यांपैकी बऱ्याच या कायद्याच्या छायेत लिहिल्या गेल्या, आणि त्यांतील भीती केवळ लोकलज्जेची नाही.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक विनय आपटे यांनी 1981 मध्ये रंगमंचावर आणले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्राची, म्हणजेच मित्राची, भूमिका केली. हे नाटक तरुणीविषयी आहे, तरीही या विषयाचा आराखडा मराठीत प्रथम तेथेच ठरला, म्हणून त्याला वगळून पुढे जाता येत नाही. महाविद्यालयातील नाटकात पुरुषाची भूमिका करणारी मित्रा आपल्याबरोबर काम करणाऱ्या नमाच्या प्रेमात पडते, आणि हे सारे प्रेक्षकांना सांगतो तो मित्राचा मित्र बापू. बापू भिडस्त, स्वतःविषयी न्यूनगंड बाळगणारा आणि मित्राकडे ओढला गेलेला आहे. म्हणजे एका एकतर्फी प्रेमाची हकिकत दुसरे एकतर्फी प्रेम सांगत असते. नाटकाची खरी ताकद या रचनेत आहे. मित्रा आणि नमा यांना भेटण्यासाठी बापू आपली खोली देतो, निरोप पोचवतो, बोलणी खातो, आणि शेवटी त्याचाच धीर सुटतो. माघार घेणाऱ्या बापूत मध्यमवर्गीय प्रेक्षकाला स्वतःला ओळखावे लागते, हे तेंडुलकरांचे मोठेच यश आहे. मात्र मित्राची आत्महत्या हा जो शेवट त्यांनी दिला, तो पुढे या विषयाचा जणू ठरलेला शेवट होऊन बसला, आणि समलिंगी प्रेमाची गोष्ट म्हणजे मृत्यूची गोष्ट अशी सवय प्रेक्षकांना लागली.

येथे एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. पुरुषाने स्त्रीवेष करणे, स्त्रैण वागणे आणि पुरुषावर प्रेम करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कलेची वा रूढीची, दुसरी लिंगभावाची, म्हणजे स्वतःला स्त्री वा पुरुष म्हणून अनुभवण्याची व व्यक्त करण्याची, आणि तिसरी लैंगिक कलाची. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’मधील (1979) संगीत नाटकाच्या स्वप्नात जगणारा बर्वे, ‘नटरंग’ चित्रपटातील नाच्या झालेला गुणा किंवा ‘जोगवा’ चित्रपटातील देवीला वाहिलेला जोगता ही सारी पात्रे पहिल्या दोन प्रश्नांशी झुंजतात. मराठी प्रेक्षकाच्या मनात मात्र ती सगळी एकाच खान्यात जाऊन बसतात, आणि परिणामी जो तरुण दिसायला, बोलायला, चालायला चारचौघांसारखाच आहे, त्याच्या मनात दुसऱ्या तरुणाविषयी काय चालले असेल याची कल्पनाच करता येत नाही. त्याचे झाकलेपण असे दुहेरी होते: तो स्वतः लपतो आणि पाहणाऱ्यालाही तो दिसत नाही.

चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री नाट्यात साक्षीदाराच्या जागी आई आहे. मुलाने लिहिलेले तिच्या हाती लागते, ती ते वाचते, आणि तिच्या वाचण्यातून मुलगा प्रेक्षकांपर्यंत येतो. मोना आंबेगावकर यांनी हे नाट्य मराठीबाहेरही नेले. मुलाचे शब्द आईच्या आवाजात उमटतात तेव्हा तिचा धक्का, तिचा राग आणि तिची माया त्या शब्दांवर चढत जाते. आईबापांसाठी याहून थेट असे काही मराठी रंगभूमीवर क्वचितच झाले असेल. तरीही मुलगा येथे लिखाणाच्या रूपातच उरतो. वहीची ही युक्ती मराठीत वारंवार दिसते, आणि ती केवळ लेखकांची सोय नाही. दोन खोल्यांच्या घरात, जेथे कपाटही सामायिक असते, तेथे वही ही एकच खाजगी जागा असते, आणि ती सापडेल ही धास्तीही कायमची असते. हे वास्तव दातारांनी अचूक पकडले.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली आणि या विषयावरील मराठी लेखनात ती आजही सर्वांत वरची ठरते. पुण्यातील जोशी कुटुंबात वरच्या खोलीत एक भाडेकरू तरुण येतो, घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि एके दिवशी तोच तरुण तनयच्या बहिणीला, अनुजाला, घेऊन निघून जातो; पुढे तो तिलाही सोडून जातो. या तरुणाला कादंबरीत नाव नाही. पहिला भाग तनयचा असून तो थेट त्या तरुणालाच उद्देशून आहे, आणि दुसरा भाग अनुजाची डायरी आहे. कथनाच्या पहिल्या पद्धतीला संबोधनपर निवेदन म्हणता येईल, म्हणजे निवेदक वाचकाशी न बोलता समोर नसलेल्या ‘तू’शी बोलतो आणि वाचक ते बोलणे आडून ऐकतो. जो गेला आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला हे सांगताच येत नाही, ही तनयची अवस्था या निवडीतूनच उभी राहते.

कादंबरीचे मर्म या दोन दुःखांच्या विषम वाटणीत आहे. अनुजा पळून गेली ही घराची उघड जखम आहे. आईवडील खचतात, नातेवाईक बोलतात, ती परतल्यावर तिला डॉक्टरकडे नेले जाते, तिच्या भवितव्याची चर्चा होते. तिच्यावर चिडण्यासाठी तरी सर्वांना तिचे दुःख मान्य करावे लागते. तनय त्याच घरात, त्याच ताटांवर बसून जेवतो, आणि त्याचे काही हरवले आहे हे कोणाच्या गावीही नसते. बहिणीची चौकशी करायला आलेल्या माणसांना त्याने चहा द्यायचा असतो. कुंडलकरांनी या ठिकाणी आक्रोशाचा एकही सूर लावलेला नाही. खोली, रंग, वास, दुपारचे उजेड अशा तपशिलांच्या आधाराने त्यांनी तनयची आठवण उभी केली आहे. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादामुळे 2013 मध्ये ही कादंबरी मराठीबाहेर पोचली. कुंडलकरांच्याच दिग्दर्शनाखालील 2022 च्या चित्रपटात कथा पुण्याहून कोचीला गेली आणि भाषा मराठी राहिली नाही. चित्रपटातले ते देखणे घर कादंबरीतल्या मध्यमवर्गीय घराची कोंडी पेलू शकले नाही. पुण्यातल्या त्या घरात जिन्यावरचे पाऊल कोणाचे आहे हे सर्वांना ऐकू येते, आणि कादंबरी त्या ऐकू येण्यावरच उभी आहे.

लपवण्याच्या या कलेत मराठी भाषा लेखकाला फारशी मदत करत नाही. ‘तू आलास’ म्हटले की समोरचा पुरुष आहे हे क्रियापदानेच उघड होते, आणि ‘मी थांबलो’ म्हणताच बोलणाराही उघडा पडतो. प्रेयसी की प्रियकर हे संदिग्ध ठेवायचे तर कवीला भविष्यकाळात किंवा ‘तू पत्र लिहिलेस’ अशा सकर्मक रचनेत आसरा शोधावा लागतो. संतपरंपरेने यावर विरहिणी आणि गवळण हा तोडगा काढला होता, ज्यात पुरुष कवी स्त्रीच्या वाणीने श्रीकृष्णाचा विरह गातो. त्या रचनांचा भक्तीशी असलेला संबंध तोडून त्यांना आधुनिक अर्थ चिकटवणे गैर ठरेल. परंतु पुरुषासाठी झुरणारी वाणी पुरुषाने रचावी हे मराठीला परके नव्हते, एवढे निश्चित म्हणता येते. आधुनिक कवितेने हा धागा या अनुभवासाठी उचलला नाही, ही मोठी उणीव आहे.

कवितेचा विषय निघाला की प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे नाव घेणे भाग आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या सिरसांच्या ‘पाया खालची हिरवळ’ या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांच्या समलिंगी संबंधाचे चित्रीकरण करण्यात आले, त्यांना निलंबित केले गेले, उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि एप्रिलमध्ये ते मृतावस्थेत आढळले. हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ या हिंदी चित्रपटात मनोज बाजपेयी यांनी त्यांचे एकाकीपण ज्या संयमाने उभे केले, तो संयम मराठी चित्रपटालाही शिकण्यासारखा आहे. ज्या तरुणपणात प्रेम व्यक्त करायचे तेच लपवण्यात गेले, की उतारवयात माणूस किती सावध, किती शिष्ट आणि किती एकटा होतो, हे त्या भूमिकेत दिसते. तेथेही कथा पुढे नेतो तो एक तरुण पत्रकार. सिरस हिंदी चित्रपटामुळे देशाला माहीत झाले. ज्या भाषेत त्यांनी आयुष्यभर लिहिले त्या भाषेने त्यांच्या कवितेची फेरवाचने करायला हवी होती, ती झाली नाहीत.

बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात 2002 मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि ‘पार्टनर’सारखी कादंबरी व माहितीपर पुस्तके सोप्या मराठीत लिहिली. कलेच्या निकषावर ‘पार्टनर’ ‘कोबाल्ट ब्लू’शेजारी बसत नाही. पण इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला आपल्यासारखे दुसरे कोणी आहे हे सांगणारे पुस्तक त्याच्या भाषेत मिळाले, आणि हे काम कलेने टाळले होते.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला पहिला मराठी चित्रपट ठरला आणि तेथील आंतरराष्ट्रीय कथापट विभागातील सर्वोच्च परीक्षक पुरस्कार त्याला मिळाला. वडील गेल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि तेथे बालमित्र बाल्याशी त्याचे जुने नाते पुन्हा जागे होते. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी ही दोन माणसे साकारली आहेत. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर, आणि सुतकाचे नियम, भाऊबंदांची ये-जा, लग्न कधी करणार हा न संपणारा प्रश्न यांच्या मधल्या फटींतून दोघांचे बोलणे होत राहते. येथे साक्षीदार कोणी नाही. आईला मुलाविषयी आधीपासूनच ठाऊक आहे, त्यामुळे गुपित फुटण्याचा प्रसंग हा कथेचा कळसच राहत नाही. लपवणे हे आता मायलेकांनी मिळून नातेवाइकांपासून सांभाळायचे रोजचे काम होते. कष्टकरी, बहुजन घरातला, गावाशी नाळ असलेला समलैंगिक तरुण मराठी पडद्यावर इतक्या ठसठशीतपणे पूर्वी आला नव्हता, आणि पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांपुरता मर्यादित राहिलेला हा विषय येथे प्रथम शेताच्या बांधावर आला. बाल्या प्रेमाला प्रतिसाद देतो, हे तर सर्वांत महत्त्वाचे. मित्रा, तनय आणि त्यांचे भाईबंद यांच्या वाट्याला आलेला नकार हा या प्रेमाचा स्वभाव नव्हता, लेखकांना व प्रेक्षकांना सोसेल असा तो शेवट होता, असा संशय हा चित्रपट पाहिल्यावर बळावतो.

असे असूनही एकतर्फी प्रेमाचा विषय संपलेला नाही. त्याच्या सर्वांत नेहमीच्या रूपाला तर मराठी कलेने अजून हातही घातलेला नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी खेड्यापाड्यांतली हजारो मुले कॉट बेसिसवर, एका खोलीत चार-पाच जण अशी राहतात. एकाच मेसचा डबा, एकच अभ्यासिका, एकमेकांच्या नोट्स आणि एकमेकांचे अपयश वाटून घेण्याची तीन-चार वर्षे. त्यांतल्या एखाद्याला आपल्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाविषयी जे वाटते ते सांगितले तर खोली, गट, गावचे नाव सारेच जाण्याची भीती आहे, आणि मोबाइलवरच्या डेटिंग अ‍ॅपवर चेहरा न दाखवता बोलणारी माणसे त्या एका मुलाची जागा घेऊ शकत नाहीत. ज्याच्यावर प्रेम आहे तो वाईट नाही, फसवा नाही, कदाचित सर्वांत जिवलगही तोच आहे. त्याचे प्रेम फक्त दुसरीकडे आहे. येथे खलपुरुष नाही, पळून जाणे नाही, मरणही नाही. अशा गोष्टीला बापू किंवा आई किंवा बहीण सांगणारी म्हणून पुरणार नाही, कारण त्या खोलीत काय घडते आहे हे एकालाच माहीत असते. ती लिहायची तर ‘मी’ने लिहावी लागेल, आणि ती मराठवाड्याच्या, खानदेशाच्या किंवा विदर्भाच्या बोलीत लिहावी लागेल, ज्या बोलीत समलिंगी प्रेमासाठी आजवर फक्त शिवीच छापली गेली आहे.