कलासीमा आणि स्थिरतेचा निवाडा

द्विस्तरीय विभेदी विवर्धकांवरील निबंधांत अखेरीस ‘कलासीमा ६० अंश’ एवढे नोंदविले, की स्थिरतेचा प्रश्न निकालात निघाला, असे मानण्याचा प्रघात आहे. कलासीमा म्हणजे ज्या कंप्रतेस विवर्धन एकावर येते, तेथे १८० अंशांच्या कलाविलंबास उरलेले अंतर. मोठ्या पट्टविस्ताराच्या दाव्यास हा एकच आकडा पुरावा म्हणून पुरेसा नाही, असे आमचे मत आहे.

१९६८ साली डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डसाठी रचलेल्या ७४१ मध्ये ३० पिकोफॅरडचे धारित्र दुसऱ्या स्तरावर आडवे जोडून पट्टविस्तार सुमारे १ मेगॅहर्ट्झवर रोखला होता. द्विध्रुवी ट्रँझिस्टरची अन्योन्य संवाहकता १ मिलिअँपिअर प्रवाहाला ४० मिलिअँपिअर प्रति व्होल्ट इतकी भरते. त्यामुळे धारित्रातून थेट पुढे निसटणाऱ्या संकेताचा उपद्रव होत नाही. मॉस ट्रँझिस्टरमध्ये ती कित्येक पटींनी कमी असते. तेथे हाच संकेत उजव्या अर्धप्रतलात शून्यबिंदू निर्माण करतो व कला मागे खेचतो. यावर धारित्राशी एकसर रोधक जोडण्याचा उपाय सर्वश्रुत आहे, आणि तो योग्यच आहे. आक्षेप आहे तो पुढच्या पावलाला: रोधक आणखी वाढवून शून्यबिंदू दुसऱ्या ध्रुवावर नेमका बसवावयाचा, आणि पट्टविस्तार त्या ध्रुवापलीकडे ताणावयाचा. ध्रुव भारधारित्रावर अवलंबून, शून्यबिंदू रोधकावर. दोघे एकत्र राहणार कसे?

समजा, ही जोडी एकक-विवर्धनाच्या कंप्रतेच्या दशांशावर आहे आणि दोहोंत दहा टक्क्यांची तफावत राहिली. कलासीमेत फरक पडतो जेमतेम अर्ध्या अंशाचा. परंतु एकक विवर्धनाने जोडलेल्या मंडलाच्या प्रतिसादात सुमारे एक टक्क्याची शेपटी दहापट कालांकाने रेंगाळते. बारा द्विमान अंकांच्या रूपांतरकात अर्ध्या पायरीपर्यंत स्थिरावण्यास एकध्रुवी विवर्धकाला ९ कालांक पुरतात. येथे सुमारे ४४ लागतात! अशा जोड्यांचा हा परिणाम कामथ, मेयर व ग्रे यांनी १९७४ सालीच मांडला होता.

पूर्ण विभेदी रचनेत आणखी एक पुनःप्रदाय-वलय असते, दोन्ही निर्गमांची सरासरी सावरणारे. ते आंदोलू लागले, तरी दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्यास विभेदी संकेताच्या आलेखात त्याचा मागमूस नसतो. (संगणकावरील प्रतिरूपणात बाजू बहुधा तंतोतंत सारख्याच घेतलेल्या असतात.) म्हणून निर्गमांच्या सरासरीला धक्का देऊन काढलेला कालालेख आणि भारधारित्र बदलून घेतलेली स्थिरावण्याच्या काळाची मापने निबंधात आल्याखेरीज पट्टविस्ताराचा आकडा आम्ही अपूर्ण समजू.